तेल कुठं गेलं

श्रावस्तीनं गाडी स्टँडवर लावायचेही कष्ट घेतले नाहीत. धरणाच्या उतारावर ती तशीच आडवी टाकली, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि पळत सुटली. खाली पाण्याच्या काठाला वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी होती. त्या गोलातून धप्प, धप्प असा आवाज येत होता. हरभऱ्याचं पोतं कुणी बडवावं तसा. पण पोतं कुठलं! तिचा थोरला भाऊ प्रसेनजित होता तो.

अर्ध्या तासापूर्वी ती सास्तूरला आपल्या पत्र्याच्या शेडात एका फवारणी पंपाचा कार्बोरेटर धूत बसली होती. तेवढ्यात ईरण्णाचा फोन आला. ईरण्णा हा माकणीच्या तलावातला सगळ्यात जुना मच्छीमार, जन्मात कधी फोनवर दोन वाक्यांच्या वर न बोललेला. "पोरी, निघ. तुझ्या दादाला बांधलंय, बलभीम कुणाचं ऐकंना," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. श्रावस्तीनं हातही पुसले नाहीत.

माणसांना ढकलत ती आत शिरली. प्रसेनजित बाभळीच्या बुंध्याला जाळ्याच्या दोरानं बांधलेला होता. ओठ फाटून हनुवटीवरनं रक्त छातीवर आलं होतं. कालच्या जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल अजून केसांत होता आणि कानामागं त्या गुलालाचा घामानं चिखल झाला होता. उजवा हात मनगटाखाली मोडून नुसता लोंबत होता. आणि समोर बलभीम, हातात होडीचं वल्हं घेऊन.

बलभीमकडं या तलावातल्या मासळीचा ठेका. वर माळाला ऊस, दारात दोन टेम्पो. माणूस मनानं वाईट नाही, असं माकणीत लोक सांगतात. लोकांचं काय जातंय सांगायला! ज्याच्या पाठीवर वल्हं बसत नाही तो कुणालाही चांगलं म्हणतो.

"काका, सोडा त्याला!" श्रावस्ती मधे घुसली.

बलभीमनं तिच्याकडं धड बघितलंही नाही. डाव्या हातानं अशी एक ठेवून दिली की तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि ती गुडघ्यावर आली.

"भावाची कड घ्यायला आली का? घे! इचार त्याला, तेल कुणाला इकलं!"

भांडण होतं ते या तेलाचं. बलभीमच्या मोठ्या होडीला मागं एक छोटं इंजिन होतं, पाच हॉर्सपॉवरचं. सगळे त्याला नुसतं मशीन म्हणत. फवारणीच्या पंपासारखंच, टू-स्ट्रोक. असल्या इंजिनात ऑईलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलातच ऑईल कालवून द्यावं लागतं, आणि तेच पेट्रोल जाता जाता आतल्या अंगाला तेल लावत जातं. नुसतं पेट्रोल दिलं की आत लोखंडावर लोखंड घासतं आणि थोड्या वेळात मशीन जाम. मशीन चालवायचं काम तीन वर्षं प्रसेनजितकडं होतं. तेल कालवायचंही त्याच्याकडंच. दुसऱ्या कुणी मशीनला हात लावायचा नाही, ही बलभीमची सक्त ताकीद होती.

आज सकाळी पलीकडच्या काठाची जाळी उचलून प्रसेनजित आठ खोके मासळी घेऊन निघाला आणि भर तलावात मशीन कुई करून बंद पडलं. दोरी ओढून ओढून त्याच्या हाताची सालं निघाली, मशीन जागचं हलेना. एप्रिलचं ऊन. एकट्यानं वल्ही मारत तो काठाला लागेस्तोवर कटला आणि रोहू फुगून वास मारायला लागले होते. बर्फाचा टेम्पो वाट बघून निघून गेला होता. बलभीमनं होडीतली पेटी उघडली, तर कालवायच्या तेलाची बाटली रिकामी. परवापर्यंत ती अर्धी भरलेली होती, त्यानं स्वतः बघितली होती. झालं, तिथंच त्याचं डोकं फिरलं.

"मिरवणुकीत नाचायला पैसं पायजे हुतं न्हवं!" बलभीम ओरडला. "माझं तेल इकून नाचला ह्यो. तुमच्या लोकांचं असंच असतंय, पोटाला दिलं तरी हात मारणारच!"

गोलातली माणसं जागची हलली नाहीत. बलभीमचा भाचा इंद्रजित तेवढा पुढं होता. येरमाळ्याला हायवेवर बापाचं हॉटेल, बुडाखाली बुलेट, सुट्टीला म्हणून मामाकडं आलेला. त्यानं पुढं होऊन प्रसेनजितच्या पोटात लाथ घातली आणि मामाकडं बघितलं, बरोबर बसली का म्हणून.

श्रावस्ती उठली. गाल जळत होता. खरं तर पिशवीतला पाना काढून त्या इंद्रजितच्या टाळक्यात घालावा असं तिला वाटत होतं. पण मग इथून कुणीच चालत गेलं नसतं.

"दादा, तेल तू घेतलं का?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

प्रसेनजितनं डोळे उघडले. "न्हाय. म्या न्हाय घेतलं. मार खाईन मी, पण चोर न्हाय मी, श्रावू."

"मग मशीन उघडू द्या," ती बलभीमकडं वळली. "काका, मी आयटीआय केलंय, सात वर्षं हेच करतेय. तुमच्या शेतातले पंप पण मीच दुरुस्त केलेत. मशीन उघडल्यावर कळंल काय झालं ते. चार माणसांसमोर उघडते."

बलभीमनं वल्हं खाली टेकवलं. दम त्यालाही लागला होता. "उघड. पण कशानं बंद पडलं ते मला नगं सांगू, ते मला ठावं हाय. तेल कुठं गेलं ते दाखव. न्हाय दाखवलंस तर ह्येचा दुसरा हात पण ऱ्हात न्हाय. मंग बघू कशानं चोरतोय."

दोघा कोळ्यांनी मशीन होडीवरनं उतरवून काठावरच्या एका सपाट दगडावर आडवं ठेवलं. श्रावस्तीनं पिशवी उपडी केली. 

पहिल्यांदा तिनं पेट्रोलचा कॅन घेतला. वहीचा कोरा कागद फाडून त्यावर थोडं ओतलं आणि कागद उन्हात धरला. तेल कालवलेलं पेट्रोल असतं तर ते उडून गेल्यावर मागं तेलकट डाग राहिला असता. हा कागद बघता बघता वाळला, कोरा करकरीत. श्रावस्तीच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं? सांग की!" बलभीम कागद ओढून घेत म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं. पण मशीनच्या बाबतीत खोटं तिला कधी जमलंच नव्हतं. "ह्यात तेल न्हाय. नुसतं पेट्रोल हाय."

"बघा! ऐका रं सगळ्यांनी, बहीणच सांगतीय!" बलभीमनं वल्हं उचललं आणि प्रसेनजितच्या बरगडीत हाणलं. प्रसेनजितच्या तोंडातून आवाजसुद्धा नीट निघाला नाही.

"थांबा की!" श्रावस्ती किंचाळली. "अजून उघडलं कुठंय!"

तिनं प्लग काढला. पांढरा, कोरडा. हेडाचे नट सोडले, हेड उचललं, सिलिंडर वर ओढला. तो येईना. लाकडाचा तुकडा लावून ठोकत ठोकत काढावा लागला. आत पिस्टनवर चहूबाजूंनी उभ्या चिरा पडल्या होत्या, मांजरानं बोचकारल्यासारख्या, आणि रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या. तेलाचा थेंब नव्हता कुठं. जी जी वस्तू ती उघडत होती ती ती तिच्या भावाच्या विरोधात साक्ष देत होती. आपणच त्याला मारायला मदत करतोय असं तिला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मनगटानं पुसलं, तर तोंडाला काळं लागलं.

"दादा, नीट आठव. तेल कवा कालवलं हुतं?"

"परवा सांजच्याला." प्रसेनजित तुटक तुटक बोलत होता. "अर्धा कॅन कालवून ठिवला. त्या लाल रेघंपातूर. बाटली पेटीत ठिवली, अर्धी हुती. काल जयंती म्हणून सुट्टी घेतली. आज आलो तर कॅन तेवढाच. रेघंपातूर. म्हणलं माझाच हाय, तसाच लावला."

"वास घेतला न्हायस?"

"न्हाय घेतला. घाई हुती." त्यानं मान खाली घातली. "तेवढी चूक हाय माझी."

म्हणजे काल कुणीतरी कालवलेलं पेट्रोल जाळलं होतं आणि रेघेपर्यंत नुसतं पेट्रोल भरून ठेवलं होतं. श्रावस्तीला ते लख्ख कळलं. पण कळून काय उपयोग? बलभीमला तेल पाहिजे होतं, डोळ्यांना दिसणारं. आणि रिकामी बाटली काही बोलत नव्हती.

"झाली का कीर्तनं?" बलभीमनं दोर सोडायची खूण केली. "इंद्रजित, धर त्येला. डावा हात होडीच्या काठावर ठेव."

इंद्रजितनं प्रसेनजितला ओढत नेलं, होडीपाशी गुडघ्यावर बसवलं आणि त्याचा डावा हात लाकडावर दाबून धरला. ईरण्णा पुढं आला. "बलभीम, लेकराबाळांचा हाय त्यो," म्हणाला. बलभीमनं नुसतं वल्हं त्याच्याकडं रोखलं, तसा म्हातारा दोन पावलं मागं गेला. बाकीच्यांनी तर नजरा पाण्याकडं वळवल्या होत्या. वीस-पंचवीस धडधाकट माणसं! एवढ्यांनी नुसत्या फुंकरा मारल्या असत्या तरी तो बलभीम तलावात पडला असता.

श्रावस्ती मशीनवर तुटून पडली. आता ती बघत नव्हती, चाचपत होती. वरनं खाली, इंजिनापासून लांब नळीवरनं खाली, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यापर्यंत. पंख्याच्या वर एक लोखंडी गड्डा असतो, त्यात गिअर असतात. त्या गिअरांना स्वतःचं वेगळं तेल लागतं, जाड, मधासारखं. इंजिनाचा आणि त्याचा काही संबंध नाही. वर्षातनं एकदा बदललं तरी चालतं. त्या गड्ड्याला खाली एक स्क्रू असतो तेल काढायला, आणि वर एक. तिचं बोट खालच्या स्क्रूवर थांबलं. सगळं मशीन शेवाळ्यानं आणि गंजानं काळं पडलेलं, आणि या स्क्रूची खाच चांदीसारखी चमकत होती. ताजी. वरच्याचीही तशीच.

"दादा!" ती ओरडली. "खालचं गिअरचं तेल कवा बदललं हुतंस?"

"दिवाळीत."

बलभीमनं वल्हं डोक्यावर नेलं होतं.

"काका! तेल घावलं! आईची आण, तेल घावलं, हिकडं बघा!"

वल्हं वरच थांबलं. श्रावस्तीनं कॅनचं झाकण खाली धरलं आणि स्क्रू फिरवला. दिवाळीतलं तेल असतं तर काळपट, घट्ट, रेंगाळत आलं असतं. हे आलं ते पाण्यासारखं पातळ आणि हिरवंगार. झाकण भरलं, ओसंडलं, दगडावरून खाली गेलं. ती रिकामी बाटली तिनं उन्हात धरली. तळाला राहिलेले दोन थेंब तसेच हिरवे होते.

"ह्ये बघा तुमचं तेल," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "पेट्रोलात कालवायचं तेल कुणीतरी गिअरात भरलंय. आधीचं काढून टाकलं आणि ह्ये भरलं. इकलं असतं तर हितं आलं असतं का? माझा भाऊ तीन वर्षं मशीन चालवतोय, त्येला एवढं कळत न्हाय व्हय? ज्येनं ह्ये केलं त्येला मोटारसायकलचं ऑईल बदलायची सवय हाय. खालचा नट काढायचा, जुनं सोडायचं, वरनं नवं भरायचं."

 बघता बघता सगळ्यांच्या नजरा एका जागी गोळा झाल्या. इंद्रजितनं प्रसेनजितचा हात सोडला होता.

"मामा," तो म्हणाला. "मामा, म्या तर सर्व्हिसिंग केली हुती."

"काय केलं हुतंस?"

"काल कुणी नव्हतं म्हणून एक चक्कर मारली. दोन-तीन चकरा. पेट्रोल संपलं तर दुकानातनं बाटल्या आणून हुतं तेवढंच भरलं. आणि बुलेटचं ऑईल मी घरीच बदलतो, म्हणून म्हणलं ह्याचं पण बदलू. लई काळं निघालं हुतं, मामा. मला काय ठावं त्ये पेट्रोलात..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. बलभीमनं वल्हं फिरवलं ते सरळ त्याच्या खांद्यावर बसलं. पोरगं किंचाळत चिखलात पडलं. बलभीम त्याच्यावर चढला. वल्ह्यानं, मग वल्हं मोडल्यावर राहिलेल्या दांड्यानं, मग लाथांनी. "हात लावायचा न्हाय म्हणलं हुतं! म्हणलं हुतं का न्हाय! आणि उभा ऱ्हाऊन बघत हुतास, भडव्या! मला माझ्या गावात उघडं पाडलंस!" इंद्रजितचं नाक फुटलं, तो हातांनी डोकं झाकून आई आई करत होता. ज्या पोरानं तासभर दुसऱ्याला लाथा घातल्या त्याला मार बसताना बघून श्रावस्तीला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.  बलभीमला हाणायला समोर कुणीतरी लागतं, एवढंच तिला त्यातनं समजलं.

तिनं भावाला उठवलं, ओढणीनं त्याचा मोडका हात छातीशी बांधला. प्रसेनजित तिच्या आधारानं उभा राहिला.

बलभीम दमून थांबला. घाम पुसला. मोडका दांडा त्यानं प्रसेनजितपुढं धरला. "घे. तू पण हाण त्येला चार. फिटंफाट."

प्रसेनजितनं दांड्याकडं बघितलं आणि मान हलवली. "मला न्हाय मारायचं कुणाला."

"काका, एवढंच म्हणा," श्रावस्ती म्हणाली. "ह्याच माणसांसमोर तुमी त्येला चोर म्हणलात. ह्याच माणसांसमोर म्हणा, प्रसेनजित चोर न्हाय. दुसरं काय नगं आमाला."

सोपं होतं. तीन शब्द. गोलातली माणसं वाट बघत होती, ईरण्णानं तर डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता. बलभीमनं तोंड उघडलं. त्यानं प्रसेनजितकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, मग त्याची नजर दगडावरच्या उघड्या मशीनवर गेली.

"ह्ये दुरुस्त हुईल का?" त्यानं विचारलं.

श्रावस्तीला आधी वाटलं, आपल्याला अजून नीट ऐकू येत नाहीये.

"हुईल," ती म्हणाली. तिचं तोंड आपोआप बोललं. "पिस्टन नवा, रिंगा नव्या, सिलिंडरला बोअर मारून. आठ दिवसांत पाण्यात जाईल."

"मंग घिऊन जा की शेडात. दवाखान्याचं मी बघतो. झालं ते झालं, ताणू नका आता."

श्रावस्तीनं भावाला ईरण्णाच्या खांद्याला टेकवलं. ती दगडापाशी गेली. सात वर्षांत तिच्या हातातनं एक मशीन मोडून बाहेर गेलं नव्हतं. गंजलेले पंप, पुरात बुडालेल्या मोटारी, लोकांनी भंगारात टाकलेलं तिनं उचलून आणून चालतं केलं होतं. पिशवीतनं तिनं मोठा हातोडा काढला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि इंजिनाच्या पेटीवर घातला.

ठण्ण करून आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. ॲल्युमिनियमची पेटी उभी चिरली.

"ए! अगं ए! थांब!" बलभीम केवढ्यानं ओरडला! "मोडंल त्ये! थांब म्हणतो ना!"

"मोडू द्या!" दुसरा घाव. पेटीचा तुकडा उडून पाण्यात पडला. "माझ्या भावाचा हात मोडताना तुमच्या तोंडातनं असा आवाज न्हाय निघाला!" तिसरा घाव. "कुणाच्याच न्हाय निघाला!" हे तिनं सगळ्यांकडं बघून म्हटलं आणि चौथा घातला. आता ते मशीन जगातला कुठलाच मेकॅनिक जोडू शकला नसता, ती स्वतःसुद्धा.

बलभीम तिच्या अंगावर धावला. मधे ईरण्णा आला. एका बगलेत प्रसेनजित आणि दुसरा हात पुढं करून तो म्हातारा नुसता उभा राहिला. मग मशीन उतरवणारे ते दोघे कोळी त्याच्या बाजूला आले. मग आणखी एक. कुणी हात उचलला नाही. बलभीम त्यांच्यासमोर येऊन थांबला. एक-एक तोंड बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण ते तीन शब्द काही निघाले नाहीत.

कोळ्यांनीच गाडी सरळ करून दिली आणि प्रसेनजितला मागं बसवलं. उतार चढून गाडी डांबरीवर आली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"मोडायचं नव्हतं गं श्रावू. लई चांगलं मशीन हुतं."

तिला हुंदका आला. इतका वेळ धरून ठेवलेला सगळाच आला. समोरचा रस्ता दिसेना म्हणून तिनं गाडी हळू केली आणि डोळे खांद्याला पुसले. रस्ता पुढं लोहाऱ्याला जात होता. दवाखानाही तिथंच आणि पोलीस ठाणंही तिथंच.

"हात लई दुखतोय का? आधी दवाखान्यात जाऊ."

"हाताचं मागनं," प्रसेनजित तिच्या पाठीला डोकं टेकून म्हणाला. "आधी ठाण्यात चल. मला चोर म्हणला, त्ये पयलं लिव्हून घ्यायला लाव."

श्रावस्तीनं गिअर टाकला आणि गाडीचा वेग वाढवला.